ताळा जुळेना तेव्हा

शाळेत आमच्या बाई गणित सुटलं म्हणून वही पुढे केली की आधी विचारायच्या, "ताळा केलास का?" मला त्याचा भयंकर कंटाळा. उत्तर आलंय ना, मग परत उलटं करून कशाला बघायचं. आणि आता बघा, गेली १२-१३ वर्षं मी पगारच ताळा करायचा घेते. बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये रिकन्सिलिएशन नावाचं प्रकरण असतं, एका सिस्टीमचा आकडा दुसऱ्या सिस्टीमशी जुळतोय का बघायचं आणि नाही जुळला तर रात्री दोन वाजेपर्यंत बसून कोणाचं चुकलंय ते शोधायचं. यात एक गोष्ट कधी बदलत नाही, दोन्ही टीमना शंभर टक्के खात्री असते की चूक समोरच्यांची आहे.

म्हणून १९९१ ची ही गोष्ट मला फार जवळची वाटते. यात एक टीम गणितवाल्यांची, दुसरी फिजिक्सवाल्यांची, आणि दोघांचे आकडे जुळत नव्हते.

आधी आकडा कसला ते सांगते. भूमितीची एक जुनी शाखा आहे जी फक्त मोजते. दोन बिंदूंतून रेषा किती जातात? एक. पाच बिंदूंतून शांकव किती? (शांकव म्हणजे लंबवर्तुळ, परवलय, ती सगळी मंडळी.) तोही एकच. इथपर्यंत सोपं आहे. आता पाच शांकव दिलेत, त्या पाचांनाही स्पर्श करणारे शांकव किती? एकोणिसाव्या शतकात याकोब स्टायनर म्हणाला ७७७६, म्हणजे ६ चा पाचवा घात, दिसायला एकदम देखणं उत्तर, आणि चूक. मिशेल शालने १८६४ मध्ये बरोबर उत्तर दिलं, ३२६४. म्हणजे भल्याभल्यांनी तोंडावर आपटायची या विषयात परंपराच आहे, आणि जर्मन गणिती हिल्बर्टने १९०० साली जे २३ प्रश्न मांडले त्यातला पंधरावा हाच होता, की बाबांनो हे मोजण्याचं शास्त्र एकदा नीट पक्क्या पायावर बसवा.

तर या मोजणाऱ्यांचा एक लाडका आकार आहे, क्विंटिक थ्रीफोल्ड. पाचव्या घाताच्या एका समीकरणाने तयार होणारा, डोळ्यासमोर आणायच्या भानगडीत पडू नका, मलाही येत नाही. त्याच्यावर सरळ रेषा किती मावतात? २८७५. हे एकोणिसाव्या शतकातच शूबर्टने काढलं होतं. शांकव किती? ६,०९,२५०, आणि हे उत्तर यायला थेट १९८६ उजाडलं, शेल्डन कात्झने काढलं. एका पायरीला साधारण शंभर वर्षं. पुढची पायरी तिसऱ्या डिग्रीचे वक्र (रेषा पहिल्या डिग्रीची, शांकव दुसऱ्या). तिथे हाताने काम होईना, म्हणून एलिंग्सरुड आणि स्ट्रॉमे या दोघा नॉर्वेजियन गणितींनी कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला.

आता दुसरी टीम. स्ट्रिंग थिअरीवाले म्हणतात की कण म्हणजे खरं तर अतिबारीक थरथरत्या दोऱ्या, स्ट्रिंग्ज. त्यांना जग १० मितींचं हवं असतं, आपल्याला दिसतात ४, मग उरलेल्या ६ कुठेतरी इतक्या बारीक गुंडाळून ठेवल्यात की दिसत नाहीत. त्या ज्या आकारात गुंडाळायच्या ते आकार गणितात आधीपासून होते, कालाबी नावाच्या गणितीने १९५४ मध्ये अंदाज मांडलेला, याऊने तो १९७० च्या दशकात सिद्ध केला, तेव्हा या आकारांचा स्ट्रिंगबिंगशी काही संबंध असेल हे कोणाच्या मनातही नव्हतं. आणि त्या आकारांत सगळ्यात साधा कोण, तर हाच आपला क्विंटिक.

मग फिजिक्सवाल्यांच्या लक्षात आलं की हे आकार जोडीने येतात. क्विंटिकला फुगवायची-आकसायची मुभा एकच, पण मुरडायच्या मुभा १०१. त्याच्या जोडीदाराचं बरोबर उलटं, फुगवायच्या १०१ आणि मुरडायची १. आकार पूर्ण वेगळे, पण स्ट्रिंगला कुठल्याही आकारात टाका, फिजिक्स तेच. १९९० मध्ये ब्रायन ग्रीन आणि प्लेसरने क्विंटिकचा जोडीदार बांधून दाखवला. याला मिरर सिमेट्री म्हणतात. म्हणजे एकाच धंद्याच्या दोन चोपड्या, एका चोपडीत जो हिशोब किचकट तो दुसरीत चुटकीसरशी होतो.

कॅन्डेलास, दे ला ओसा, पॉल ग्रीन आणि पार्क्स या चौघांनी नेमकं हेच केलं. क्विंटिकवरचे वक्र मोजायला गेलेच नाहीत, जोडीदाराच्या घरी जाऊन एक डिफरन्शियल समीकरण सोडवलं. त्यातून जी सिरीज येते ती बीएस्सीच्या पोरालाही लिहिता येईल: १, मग ५ चा फॅक्टोरियल म्हणजे १२०, मग १० चा फॅक्टोरियल भागिले ३२ म्हणजे १,१३,४००, मग १५ चा फॅक्टोरियल भागिले ७७७६ (हो, तोच स्टायनरचा आकडा, निव्वळ योगायोग). थोडी उलटापालट करून परत क्विंटिकच्या भाषेत आणलं की आकडे पडायला लागतात. पहिला २८७५. दुसरा ६,०९,२५०. तिसरा ३१,७२,०६,३७५. आणि तिथे थांबायचंही कारण नाही, हवं तितकं पुढे जा. शंभर वर्षांत एक पायरी चढणाऱ्यांना कोणीतरी लिफ्ट दाखवावी तसं झालं ते.

फक्त सिद्धता नव्हती. एका ओळीचीही नाही.

इथे मला माझी हॉस्टेलची रूममेट आठवते. मी एमएस्सी मॅथ्स, ती फिजिक्स, आणि भांडण कायम एकच. ती पाथ इंटिग्रल लिहायची, म्हणजे कणाने जायच्या सगळ्याच्या सगळ्या शक्य वाटांची बेरीज, आणि मी म्हणायचे, "अगं पण ही बेरीज डिफाइनच केलेली नाहीये." ती चहा ढवळत म्हणायची, "उत्तर बरोबर येतं ना?" यावर मला कधीच काही बोलता आलं नाही, कारण येतं. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व या थिअरीने काढलं की प्रयोगाशी दहाच्या वर आकड्यांपर्यंत जुळतं, आणि तरी ज्या क्वांटम फील्ड थिअरीवर कणांचं सगळं फिजिक्स उभं आहे तिचा गणिती पाया आजही पूर्ण घातलेला नाही. त्यातल्या यांग-मिल्सच्या (कणांमधल्या बलांची समीकरणं) एका प्रश्नावर २००० सालापासून १० लाख डॉलरचं बक्षीस लावून ठेवलंय, अजून कोणी नेलेलं नाही.

तर १९९१ चा मे महिना, बर्कलीला गणिताच्या संस्थेत दोन्ही बाजूचे लोक जमले. फिजिक्सवाल्यांकडे ३१ कोटी ७२ लाख आणि काही. नॉर्वेच्या प्रोग्रॅममधून आलेला आकडा २,६८,२५,४९,४२५. म्हणजे २६८ कोटी. थोडाथोडका फरक नाही, आठ पटींच्या वर. आता तुम्ही गणितवाले असता तर संशय कोणावर घेतला असता? एकीकडे नीट प्रस्थापित भूमिती आणि त्यावर लिहिलेला प्रोग्रॅम, दुसरीकडे न दिसणाऱ्या सहा मिती, डिफाइन न केलेल्या बेरजा आणि जोडीदाराच्या घरचं समीकरण. मी तर रूममेटला फोन करून ऐकवलंच असतं.

जुलै संपता संपता उलगडा झाला. प्रोग्रॅममध्ये बग होता. दुरुस्त करून परत चालवला आणि आलं ३१,७२,०६,३७५.

ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा पोटात कसंसंच झालं. कारण तो क्षण मला माहितीये. स्क्रीनवर आपलाच कोड आहे, आठवडाभर आपण मेलवर मेल टाकलेत की आमच्या बाजूने सगळं ओके आहे, आणि मग एका ओळीवर नजर थांबते. त्या दोघांनी ते सरळ कबूल केलं याचं मला फार कौतुक आहे. आमच्याकडे अशा वेळी आधी रूट कॉज ॲनालिसिस नावाची एक्सेल शीट तयार होते आणि तिच्यात कोणाचंच काही चुकलेलं नसतं.

नंतर सिद्धताही आल्या, गिव्हेंटालची १९९६ मध्ये आणि लियान-लिऊ-याऊ यांची १९९७ मध्ये, श्रेयावरून वादही झाले, ते सोडा. कोन्त्सेविचने १९९४ मध्ये हे सगळं का घडत असावं याची एक भव्य कल्पना मांडली, तिच्यावर लोक आजही खपतायत.

मला आत कुठेतरी टोचतं ते वेगळंच. गणित ही विश्वाची भाषा आहे वगैरे आपण लहानपणापासून ऐकतो, रीमानने १८५४ मध्ये वक्र भूमिती मांडली आणि साठेक वर्षांनी आइन्स्टाइनच्या ती कामाला आली, छान गोष्ट आहे. पण इथे उलटं झालंय, फिजिक्सने गणिताचा पेपर सोडवून दिला, आणि ज्या फिजिक्सने तो सोडवला ते आपल्या विश्वाचं आहे की नाही हेच ठरलेलं नाही. स्ट्रिंग थिअरीच्या बाजूने आजवर एकही प्रयोग नाही. जिनिव्हाच्या कण आदळवणाऱ्या मशीनमध्ये सुपरसिमेट्रीचे, म्हणजे स्ट्रिंगवाल्यांना हवे असलेले जोडीदार कणही सापडले नाहीत. म्हणजे निसर्गाशी ताळा अजून बाकीच आहे आणि गणिताशी मात्र शेवटच्या अंकापर्यंत जुळला. याला काय म्हणायचं? मला वाटतं ते लोक खऱ्याच कशाला तरी हात लावून होते, फक्त ते जे काय आहे ते स्ट्रिंगच असेल असं नाही. हे माझं मत, कोणी फिजिक्सवाला वाचत असेल तर कमेंटमध्ये झापा.

आणि हे सगळं बर्कली-नॉर्वेलाच घडतं असंही नाही बरं का. आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) नरसिंहन आणि शेषाद्री या दोघांनी १९६५ मध्ये एक प्रमेय छापलं, पूर्ण शुद्ध गणित, पृष्ठभागांवरच्या वेक्टर बंडल्सबद्दल (म्हणजे पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूला एकेक वेक्टर स्पेस चिकटवलेली). १९८३ मध्ये अतिया आणि बॉटने दाखवलं की याच वस्तूंकडे यांग-मिल्सच्या समीकरणांतून, म्हणजे कणांमधल्या बलांच्या समीकरणांतून बघता येतं, आणि त्याच वर्षी डोनाल्डसनने त्या वाटेने प्रमेयाची नवी सिद्धता दिली. कुलाब्याची बस पकडून मी कितीदा त्या बाजूला गेले असेन, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

असो. मागच्या रविवारी भाजी फोडणीला टाकून मी म्हटलं आपणही एकदा ताळा करून बघू. फिजिक्सच्या सिरीजमध्ये आकडे थेट येत नाहीत, सहगुणक येतात: २८७५, मग ४८,७६,८७५, मग ८,५६,४५,७५,०००. कारण स्ट्रिंग एखाद्या रेषेला दोनदा, तीनदाही वेटोळं घालू शकते, तेही त्यात मोजलं जातं. शिवाय प्रत्येक वक्र त्याच्या डिग्रीच्या घनाने गुणलेला. म्हणून दुसऱ्यातून रेषांचे २८७५ वजा करा, उरतात ४८,७४,०००, भागिले ८, आले ६,०९,२५०. तिसऱ्यातून २८७५ वजा करा, उरतात ८,५६,४५,७२,१२५, याला २७ ने पूर्ण भाग जायलाच हवा, कारण पाऊण वक्र असं काही नसतं. २७ ची कसोटी सोपी आहे, उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज करा. ८ अधिक ५६४ अधिक ५७२ अधिक १२५, झाले १२६९, म्हणजे २७ गुणिले ४७. जातो! बिलाच्या मागे केलं हे सगळं, आणि फोटो काढून रूममेटला व्हॉट्सॲप केला.

तिचं उत्तर आलं, "आणि चौथा?"

चौथा सहगुणक १५,५१,७९,२६,७९,६८,७५. कॉमे कुठे द्यायचे तेच कळेना, म्हणून सरळ लिहिते, १५५१७९२६७९६८७५. २८७५ वजा केले, चारचा घन ६४, भागलं. आलं २४२४६७६०६१५६.२५. शेवटी पॉइंट टू फाइव्ह. पाव वक्र! परत केलं, तेच. पुढची वीस मिनिटं माझी पक्की खात्री होती की ज्या पीडीएफमधून मी आकडा घेतला तिथेच टाइप करताना कोणीतरी चुकलंय, आणि तसं मी तिला ठणकावून लिहिलंसुद्धा.

"शांकव दोनदा वेटोळं घालतात तेही काढ ना गं," ती म्हणाली. ४८,७४,००० वजा करायचे राहिले होते. केले. २४२४६७५३००००, एकही अंश इकडे-तिकडे नाही. भाजी तोवर खाली लागली होती.