वॅलबी, मगर आणि आमची भाची
रविवार असूनही आज दुपारी झोप नाही. भाची सुट्टीला सांगलीत आलीय आणि तिला कुठल्यातरी व्हिडिओत वॅलबी दिसला. "मामा, हे कांगारूचं पिल्लू का?" नाही गं, कांगारूच्याच कुळातला, फक्त अंगाने लहान.

मग भडंग खात वाचत बसलो. टॅमार वॅलबीचं पिल्लू जन्मतं तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढं, वजन एक ग्रॅमसुद्धा नाही. डोळे मिटलेले, मागचे पाय धड तयार नाहीत. तरी पुढच्या पायांनी केस धरत स्वतःच पिशवीत चढतं, आई उचलून ठेवत नाही! मोठं पिल्लू अजून पीत असेल तर एका सडातून त्याला दाट दूध आणि दुसऱ्यातून नवजाताला पातळ दूध, एकाच वेळी. शिवाय पुढचा गर्भ पोटात जवळपास अकरा महिने थांबवून ठेवते. आमची आई आतून म्हणाली, "बरंय बाई तिचं."

अर्थात आपल्या कृष्णेतली मगरही काही कमी नाही. नर की मादी, हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं: ३२.५ अंशांच्या आसपास नर, त्याहून बरंच कमी असेल तर माद्या. आणि पिल्लं निघाली की तीच जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. हे ऐकल्यावर भाचीने वॅलबी सोडून दिला.

हरिपूरच्या बाजूला अलीकडे कुणाला मगर दिसलीय का? लांबूनच दाखवायचीय, ताईला सांगू नका.