आमची वाटचाल : तक्रारवहीच्या पानांतून

आम्ही घरोघरी इंटरनेट जोडून देतो. गिऱ्हाइकांच्या तक्रारी नोंदवायला आता सॉफ्टवेअर आहे, पण पहिल्या दिवसापासूनच्या लाल पुठ्ठ्याच्या वह्या मी टाकलेल्या नाहीत. पैशाचा हिशोब चोपड्यांत सापडतो. इंटरनेट लोकांच्या कशाकशात शिरलं, ते या वह्यांत सापडतं.

सुरुवात डायल-अपच्या, म्हणजे घरच्या फोनवरून नंबर लावून इंटरनेट घ्यायच्या काळातली. कॉम्प्युटर आणि फोनची तार यांच्यामधला डबा, म्हणजे मॉडेम, जोडून देणं एवढंच आमचं काम. ५६ केबीपीएस वेगाची लाइन, तीही कागदावर. ५ एमबीची फाइल उतरवायला सगळं सुरळीत चाललं तरी १२ मिनिटं, आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. तेव्हाच्या तक्रारी वाचून आज हसू येतं : ‘गाणं अर्ध्यात थांबलं’, ‘मॉडेम किंचाळतो’. दोन दिवस लाइन बंद राहिली तरी कुणी फारसं चिडत नसे.

मग डीएसएल आलं : त्याच फोनच्या तारेवरून, पण फोन न अडवता चालणारं इंटरनेट. फोन मोकळा झाला, लाइन चोवीस तास चालू. पण तांब्याच्या तारेचं अंतराशी वाकडं. टेलिफोन एक्स्चेंजपासून ४-५ किलोमीटरवरच्या गिऱ्हाइकाला जोडणी द्यायची आणि वर्षभर त्याची बोलणी खायची. शिवाय आमचं डीएसएल एडीएसएल प्रकारचं, आणि त्यातला पहिला ‘ए’ असमानतेचा : डाउनलोड ८ एमबीपीएसपर्यंत, अपलोड जेमतेम १. घरातला माणूस बघणार आणि वाचणार, त्याच्याकडे पाठवण्यासारखं काय असणार, असा हिशोब त्यामागे होता. वहीत मात्र वेगळंच येऊ लागलं. ‘नकाशे जात नाहीत’, ‘फोटो छापखान्यात पोचले नाहीत, काम गेलं’, ‘शिकवताना माझा आवाज तुटतो’. ही घरबसल्या कमावणारी माणसं. त्यांची रोजी अपलोडवर, आणि आम्ही जाहिरातीत डाउनलोडचा आकडा ठळक छापत होतो. ती जाहिरात मीच लिहिली होती.

फायबरला, म्हणजे काचेच्या धाग्याच्या केबलला, वळलो ते या तक्रारींमुळे. जीपॉन या फायबरच्या पद्धतीत एका धाग्यावर स्प्लिटर (उजेड वाटून देणारा जोड) लावून ३२, ६४ घरं जोडता येतात, आणि मधल्या वाटेवर कुठेही वीज लागत नाही. डाउनलोडला २.५ जीबीपीएस, अपलोडला १.२५, सगळ्यांत वाटून. केसाएवढी काच. पहिल्या महिन्यात आमच्या मुलांनी जोडली त्यापेक्षा मोडलीच जास्त.

कर्जाच्या अर्जाला मी जागतिक बँकेच्या २००९ च्या अहवालातला आकडा जोडला होता : विकसनशील देशांत ब्रॉडबँडचा प्रसार १० टक्के बिंदूंनी वाढला की आर्थिक वाढीत सुमारे १.३८ टक्के बिंदूंची भर. बँकेतल्या साहेबांनी तो वाचला, मान हलवली आणि हप्ता किती महिन्यांचा ते विचारलं.

खरी परीक्षा शेवटच्या ११ घरांची. केबलपेक्षा खोदाई आणि खांब महाग, त्यामुळे टोकाचं घर नेहमी तोट्यात. आमच्या हिशोबनिसांनी स्पष्ट सांगितलं, “शेठ, ही घरं सोडा.” फिनलंडने १ जुलै २०१० पासून १ एमबीपीएसची जोडणी हा कायद्याने प्रत्येकाचा हक्क केला. आमच्यामागे असा कायदा नव्हता, फक्त त्या घरांतल्या एक बाई दर आठवड्याला फोन करून “दादा, आमची पाळी कधी?” एवढंच विचारायच्या. शेवटी केबल ओढली. त्या बाई आज घरून तीन दुकानांची हिशोबवही सांभाळतात. शेजारच्या आजोबांचे रिपोर्ट दूरच्या डॉक्टरांकडे जातात, एका तपासणीसाठी दिवसभराचा प्रवास वाचतो. त्या ११ घरांचा खर्च आमच्या चोपडीत अजून निघालेला नाही. त्यांच्या चोपडीत तो कधीच निघाला असावा.

२०२० ची वही पुन्हा वाचवत नाही. ‘मुलीची परीक्षा चालू आहे.’ ‘ऑफिसचा कॉल आहे, नोकरी जाईल.’ ‘वडील दवाखान्यात एकटे आहेत, व्हिडिओवर तेवढं बोलू द्या.’ वेगाबद्दलची तक्रार त्या वर्षी क्वचितच आली.

गेल्या पावसाळ्याआधी कुणाच्या तरी खोदाईच्या यंत्राने मुख्य केबल तोडली आणि सहा तास सगळं ठप्प. तेव्हापासून दुसऱ्या बाजूने जोड ओढून रिंग करतोय, म्हणजे एकीकडे तुटलं तरी दुसरीकडून चालावं. काम बरंचसं झालंय. फक्त एका ठिकाणी दोन्ही केबली अजून एकाच खांबावरून जातात.