एक जून

शालेय कबड्डी स्पर्धेला संघ निघण्यापूर्वी खेळाडूंच्या ओळखपत्रांवर सही करून शिक्का मारणे हे मुख्याध्यापिका म्हणून माझे एरवी पाच मिनिटांचे काम. २०२३ सालच्या त्या सकाळी मात्र बारांपैकी अकरा ओळखपत्रांवर सही झाली आणि बारावे माझ्या हातातच राहिले. ते होते आमच्या मुलींच्या संघाच्या कर्णधाराचे. दहावीत शिकणारी ही मुलगी दोन वर्षे संघाच्या चढायांचा भार जवळजवळ एकटीच वाहत होती.

थोड्याच वेळापूर्वी तिची आई मला भेटून बाहेर गेली होती. जातीच्या दाखल्यासाठी मूळ जन्मदाखला हवा, असे आम्हीच तिला सांगितले होते आणि बिचारीने तो दोन खेपा घालून सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीतून मिळवला होता. घर बीड जिल्ह्यातले, पण मुलीच्या जन्माच्या वेळी आईवडील तिकडे ऊसतोडीला होते, कोपीत म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत राहत होते. “बाई, कोपीतच झाली ही. नोंद तेव्हाच केली होती, पण कागद कोण आणतंय?” असे म्हणत तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो दाखला काढून माझ्या टेबलावर जपून ठेवला होता. त्यावरची तारीख होती १९ नोव्हेंबर २००६. ओळखपत्रावर होती १ जून २००७.

सतरा वर्षांखालील गटात त्या वर्षी १ जानेवारी २००७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच खेळता येत होते. मुलगी त्रेचाळीस दिवसांनी मोठी निघाली.

एक जून ही तारीख महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिक्षकाला नवी नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते. मूल दारात उभे असते, आईवडिलांना जन्मतारीख सांगता येत नाही, तेव्हा मास्तर वयाचा अंदाज घेतात आणि एक जून लिहून टाकतात. माझ्या वडिलांचा सरकारी वाढदिवसही एक जूनच होता. या मुलीला पहिलीत दाखल करून घेणाऱ्या गावच्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारू नये, असे शिक्षण हक्क कायदाच सांगतो. त्यांनी तिला दाराबाहेर ठेवले नाही, हे मोठे काम केले. पुढे कुटुंब मुंबईत आले आणि तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून आमच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशनोंदीच्या वहीत, उतरली.

खात्री करून घेण्यासाठी मी कपाट उघडले. आमची शाळा भांडुपची, सरकारी अनुदानावर चालणारी. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द भांडुपपर्यंत वाढली. आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, कडेने कारखाने उभे राहिले आणि कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांच्या मुलांसाठी अशा शाळा निघाल्या. शाळेचा इतिहास म्हणून छापलेली पुस्तिका आमच्याकडे नाही, पण जनरल रजिस्टरचे जाड खंड आहेत आणि माझ्या मते त्याहून खरा इतिहास दुसरा नाही. १९७५ च्या पानांवर जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन तुकड्या एकाच वर्षी बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या दिसतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतरच्या दोन वर्षांत शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात ‘पालक गावी गेले’ हे शब्द एकाखाली एक येत राहतात. आणि जन्मतारखेच्या रकान्यात, प्रत्येक पिढीत, एक जून.

तिचीही नोंद तशीच होती, अंकी आणि अक्षरी.

“मॅडम, रजिस्टरप्रमाणे ती पात्र आहे,” आमचे क्रीडाशिक्षक म्हणाले. “दुरुस्ती होईपर्यंत आपल्याला रजिस्टरच धरावं लागतं.” कागदोपत्री त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते आणि ते स्वार्थाने बोलत नव्हते. वरच्या पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावीला सवलतीचे गुण मिळतात, त्या गुणांवर अकरावीचा प्रवेश ठरू शकतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. पण दाखला माझ्या डोळ्यांसमोर होता आणि सही माझी होती. मी ओळखपत्र बाजूला ठेवले.

आई अजून व्हरांड्यातच होती. मी तिला सगळे समजावून सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “मग मी कागद आणायलाच नको होता का, बाई?” एकतीस वर्षांच्या नोकरीत मला इतका अवघड प्रश्न कोणी विचारलेला नाही. तो आणायलाच हवा होता, हे मी तिला सांगितले आणि ते मला मनापासून वाटत होते. पण तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही.

मुलगी रडली नाही. संघाबरोबर येऊ का, एवढेच तिने विचारले. मैदानावर ती राखीव मुलींच्या शेजारी बसली आणि तिच्या जागी उभ्या राहिलेल्या आठवीतल्या मुलीला प्रत्येक चढाईआधी सांगत राहिली: “डाव्या कोपऱ्याला जाऊ नकोस, ती घोटा धरते. समोर सहाजणी आहेत तोवर बोनस घे आणि परत ये.” त्या धाकट्या मुलीने पहिल्या डावात चार वेळा बोनसचा जादा गुण मिळवला. दुसऱ्या डावात आमच्या सगळ्या मुली बाद होऊन आमच्यावर लोण चढला आणि आम्ही तीन गुणांनी हरलो. आमची कर्णधार खेळली असती तर निकाल वेगळा लागला असता, असे मला आजही वाटते.

परतताना लोकलमध्ये ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. “बाई, म्हणजे माझा वाढदिवस दिवाळीनंतर असतो?”

हो, दिवाळीनंतरच, मी म्हटले. तिने बोटांवर काहीतरी मोजले.

जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख मुख्याध्यापकाला स्वतःच्या अधिकारात बदलता येत नाही आणि विद्यार्थ्याने शाळा सोडली की ती बदलणे फार कठीण होते. म्हणून दहावीच्या परीक्षेआधीच मी शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात प्रस्ताव पाठवला: मूळ जन्मदाखला, पालकांचे प्रतिज्ञापत्र, पहिल्या शाळेतील नोंदीचा उतारा. मंजुरीचे पत्र फेब्रुवारीत आले. मी तिला वर्गातून बोलावून घेतले, तिच्यासमोर जुन्या तारखेवर लाल शाईने एकच रेघ मारली, वर नवी तारीख लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक घातला. तिने वाकून ती ओळ हळू आवाजात वाचली, एकोणीस नोव्हेंबर दोन हजार सहा, आणि शाई वाळेपर्यंत रजिस्टर मिटू नका म्हणाली.