लोकल गार्डियन आणायचा कुठून?

सीईटी, कॅप राउंड (सरकारी प्रवेशफेऱ्या), कागदपत्रांची तपासणी सगळं सुरळीत झालं. पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात सीट मिळाली. अडलं ते त्याच कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये कॉट मिळवताना.

फॉर्मवर एक रकाना होता, 'स्थानिक पालक'. पुण्यात राहणारे, नात्यातले, आधारवर पुण्याचा पत्ता, आणि सही हॉस्टेल ऑफिसात समोर येऊन. आम्ही हिंगोली जिल्ह्यातले. भावकीतले जे बाहेर पडले ते नांदेड, फार तर संभाजीनगरपर्यंत.

"मॅडम, मी बाप आहे हिचा. माझीच सही घ्या ना," पप्पा म्हणाले.

"तुम्ही लोकल नाही."

"ओळखीचं कुणी चालेल?"

"नात्यातलं पाहिजे."

"फोनवर बोलणं करून देतो."

"समोर पाहिजेत."

शेजारच्या खिडकीवर मुलांच्या हॉस्टेलचे फॉर्म घेत होते. रकाना तोच, पण तिथे नाव आणि नंबर लिहून भागत होतं. मी कारण विचारलं तर "मुलींची जबाबदारी असते" एवढंच उत्तर. म्हणजे जबाबदारी त्यांची आणि पळापळ आमची.

मग घरून फोनाफोनी झाली. शेवटी आत्याच्या जावेचे भाऊ सापडले. राहायला भोसरीत, नोकरी चाकणच्या कंपनीत. मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं, पण त्या दिवसापासून ते माझे मामा. ऑफिसात फॉर्म घ्यायची वेळ अकरा ते एक आणि मामांची फर्स्ट शिफ्ट. बिचारे रजा टाकून आले, तर आधारवर पत्ता बीडचा! भाडेकरार दाखवला, त्याचे अकरा महिने उलटून गेलेले. नवा करार नोंदवून आणेपर्यंत यादीत माझ्या खाली असलेल्या मुलींचे नंबर लागत गेले आणि मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, चार मुलींच्या खोलीत पाचवी.

दुसऱ्यांदा मामा आले तेव्हा नशिबाने रेक्टर मॅडम जागेवर होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवून एकच विचारलं, "रात्री-बेरात्री हिला काही झालं तर तुम्ही याल का?" मामा म्हणाले, "येईन की. गाडी आहे माझ्याकडे." झाली सही. हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर? अजून राग जात नाही. आता आउटपाससाठी, म्हणजे हॉस्टेलबाहेर जायच्या परवानगीसाठी, मामांचा होकार लागतो, तो मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो.

तर, ज्यांचा प्रवेश व्हायचा आहे त्यांनी ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरायच्या आधीच कॉलेजला फोन करून विचारा, पहिल्या वर्षाला हॉस्टेल नक्की मिळतं की वेटिंग. बेटरमेंट घेऊन, म्हणजे अजून चांगल्या कॉलेजसाठी थांबून, शेवटच्या राउंडला येणाऱ्यांना आमच्याकडे खोल्या उरल्याच नव्हत्या. रँकिंग बघताना हे कुणी बघत नाही.

अँटी-रॅगिंगचं हमीपत्र यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) साइटवर फुकट भरता येतं, मुलीचं आणि पालकांचं दोन्ही. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला त्याचे पैसे देऊ नका. यूजीसीच्या 2009च्या नियमांत पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा असं आहे, त्यामुळे ब्लॉक निवडायचा प्रश्न सहसा येत नाही. मजला मागून बघा. वरचा मागू नका, सकाळी सातला नळाला पाणी नसतं.

माझी रूममेट लातूरची. तिचं म्हणणं, अनुसूचित जातीच्या मुलींनी समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा फॉर्म आधी भरावाच. तिथे नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला 60,000 रुपये मिळतात, पण वसतिगृहाचा अर्जच केला नसेल तर पुढे अडतं. गरजू घरच्या मुलांना विद्यार्थी सहायक समिती हाही चांगला पर्याय आहे. 1955पासून पुण्यात त्यांची वसतिगृहं आहेत. तिथे मुलाखत होते, म्हणून निकाल लागला की लगेच चौकशी करा.

गादी गावाहून आणू नका. एसटीत तिचं वेगळं तिकीट पडतं, आणि कॉट इतकी अरुंद की ती बसतही नाही.