टोकियोच्या दुकानात ‘जनता’चा पूर्वज

टोकियोतील नाकानो येथे जुन्या घड्याळांची अनेक दुकाने आहेत, आणि त्यांपैकी एका दुकानात मला सिटिझन या जपानी कंपनीचे ‘होमर’ हे मनगटी घड्याळ पाहायला मिळाले, तेही जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने कर्मचाऱ्यांना दिलेल्यांपैकी. झाकणावर जपानी कालगणनेनुसार शोवा ४३, म्हणजे १९६८, असे वर्ष कोरलेले होते. किल्ली ओढली की सेकंदकाटा जागीच थांबतो, त्यामुळे वेळ सेकंदापर्यंत अचूक लावता येते. जिथे चालकाच्या वेळापत्रकात पंधरा सेकंदांचाही हिशेब असतो, तिथे ही सोय चैनीची नव्हती.

घड्याळाइतकाच मी दुकानदारामुळे थक्क झालो. काच नंतर बसवलेली आहे, किल्ली मूळची नाही आणि डबीला एकदा पॉलिश झालेले आहे, हे सारे सोबतच्या चिठ्ठीवर मी विचारण्याआधीच लिहिलेले होते. तबकडीवरचा तपकिरी डागही त्यांनी स्वतःच भिंगाखाली दाखवला आणि तबकडी पुन्हा रंगवलेली नसल्याचा तोच पुरावा आहे, असे सांगितले. आपल्याकडे जुन्या एचएमटीच्या तबकड्या रंगवून त्या कोऱ्या म्हणून विकल्या जातात, याची मला त्या क्षणी लाज वाटली. मात्र आपल्या कारागिरांचीही बाजू आहे: त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना संग्रह करायचा नसतो, रोज वापरता येईल असे स्वच्छ दिसणारे घड्याळ हवे असते, आणि हे कारागीर नसते तर कितीतरी घड्याळे भंगारात गेली असती.

झाकण उघडल्यावर आतले यंत्र मला लगेच ओळखीचे वाटले, कारण चावीची, सतरा ज्वेल्सची (झीज कमी करणाऱ्या खड्यांची) आपल्या एचएमटीची ‘जनता’ याच घराण्यातली आहे. मी तसे म्हणताच दुकानदार उत्तरले, “म्हणजे नक्कल.” हे मला मान्य नाही. एचएमटीने १९६१ साली बेंगळुरूला सिटिझनशी रीतसर सहकार्य करूनच घड्याळांचे उत्पादन सुरू केले, आणि मुळात यंत्रे बनवणाऱ्या या सरकारी कंपनीने पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथेही कारखाने उभारले. १९६९ साली सेइको या जपानी कंपनीने क्वार्ट्झचे, म्हणजे बॅटरीवर चालणारे, मनगटी घड्याळ आणल्यावर जपानी उद्योग झपाट्याने तिकडे वळला. आपण मात्र होमरच्या वंशातले हे चावीचे यंत्र त्यानंतरही कित्येक वर्षे सामान्य माणसासाठी बनवत राहिलो. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. नक्कल करणारे इतकी दशके एखादे यंत्र जिवंत ठेवत नाहीत.

दुकानदारांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले, ‘जनता’ हे नाव लिहून घेतले आणि असे एक घड्याळ होमरशेजारी ठेवायला आवडेल, असे सांगितले. डिसेंबरमध्ये घरी येईन तेव्हा मला मूळ तबकडीची, न रंगवलेली ‘जनता’ हवी आहे. डागाळलेली असली तरी चालेल, कोणाकडे असल्यास अवश्य कळवा.