गोव्याला जाताना वेंगुर्ल्यात उतरा

पुण्याच्या मैत्रिणींचा फोनवर ठरलेला प्रश्न असतो, "तुमच्या वेंगुर्ल्यात बघण्यासारखं काय आहे गं?" लग्न होऊन इथे आले तेव्हा मीही सासूबाईंना हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "दुपारी काय नाय. झोप."

आजही दुपारी जेवणं झाली की अर्धी बाजारपेठ मिटते. गावात रेल्वे नाही. कुडाळ नाहीतर सावंतवाडीला उतरून एसटी धरायची. 2021 मध्ये तालुक्यातच परुळे-चिपीला विमानतळ झाला, पण विमानं कधी सुरू, कधी बंद, तेव्हा चौकशी करूनच बेत आखा. गोव्याला निघालेल्या गाड्या इथे चहापुरत्या थांबतात. एका अर्थी बरंच आहे म्हणा. पाहुण्यांवर गावाची चूल अवलंबून नाही, म्हणून गाव अजून स्वतःच्या कामात आहे, आणि मला बघण्यासारखं वाटतं ते हेच.

काजू घ्या. इथल्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेल्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या जाती कोकणभर लावल्या जातात. नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेला 'रत्ना' आंबा इथलाच. पुढे रत्ना आणि हापूसपासून 'सिंधू' आला, त्याची कोय इतकी पातळ की मुलं ती शोधत बसतात. त्यामानाने डच वखारीचं मला फार कौतुक नाही. 1637 मध्ये डचांनी इथे ठाणं केलं, कारण गोव्यातल्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला हे बंदर सोयीचं होतं. आता पडक्या भिंती उरल्यात. वाटेवर असाल तर डोकवा, मुद्दाम नको.

सागरेश्वरला मात्र पहाटेच जा. सुरूची झाडं, महादेवाचं देऊळ आणि लांबलचक वाळू, ती बहुतेक वेळा रिकामी. किनाऱ्यावर रापण लागलेली दिसली तर बाकीचे सगळे बेत रद्द करा. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात. मग माणसांच्या दोन रांगा दोर ओढायला लागतात. हे काम तासन्‌तास चालतं. रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात, जाळं जवळ येतं तसा आरडाओरडा वाढतो, घारी नि बगळे माणसांच्या आधी हजर. मी पहिल्यांदा नुसती बघत उभी होते तर एक म्हातारा ओरडला, "वडूक लाग गो, तसो वाटो गावाचो नाय!" ओढणाऱ्याला वाटा, ही जुनी रीत. माझ्या वाट्याला मूठभर तारली आली आणि तळहात सोलले. यांत्रिक बोटी वाढल्यापासून रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही, ओढायला पोरंही मिळत नाहीत.

हिवाळ्यात वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावातले लोक ती जपतात आणि पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात. मोबाइलचा दिवा पिल्लांवर मारू नका, उजेडाने ती वाट चुकतात.

शिरोड्याच्या वाटेवर आरवलीचा वेतोबा आहे. नवसाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यात त्या झिजतात अशी श्रद्धा. त्याच शिरोड्यात 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता.

यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हिरवळ डोळ्यांत मावत नाही, पण तेव्हा समुद्रात पाऊल टाकायचं नाही, पोहता येत असलं तरी. घरगुती खोली घेतलीत तर जेवणाचं आदल्या रात्री सांगा, पण सुरमईच हवी असा हट्ट धरू नका. सकाळी बाजारात जे येईल ते तुमच्या ताटात येईल.