वारस नोंद आणि माझी टू-डू लिस्ट

"बाबांची जमीन आईच्या आणि आमच्या नावावर करणे" हे एकच वाक्य कितीतरी दिवस लिस्टमध्ये तसंच होतं, बघितलं तरी दडपण यायचं. आज ताई म्हणाली, अगं हे एक काम नाहीये, दहा कामं आहेत, सुटी करून लिही. मग मायक्रोसॉफ्ट टू डू मध्ये त्या टास्कखाली स्टेप्स टाकत बसले... मृत्यू दाखल्याच्या झेरॉक्स काढणे, डिजिटल सहीचा सातबारा डाउनलोड करणे (१५ रुपयांत मिळतो), काकूला फोन करून सगळ्यांचे आधार मागवणे, वारसांचं प्रतिज्ञापत्र करणे, मग तलाठ्याकडे अर्ज.

अर्जानंतर फेरफारची (म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या नावाच्या बदलाची) नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. तिथे आपल्या हातात काहीच नसतं, म्हणून त्या स्टेप्स न ठेवता वेगळं टास्क करून नुसती रिमाइंडरची तारीख टाकली, आणि खरं सांगते याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला कारण आपलं काम कुठलं आणि वाट बघणं कुठलं ते वेगळं दिसलं.

पहिल्या दोन स्टेप्सवर टिक झाली, आईला स्क्रीनशॉट दाखवला. उद्या काकूला फोन. कुणाची वारस नोंद नुकतीच झाली असेल तर अजून कुठले कागद लागले ते सांगा प्लीज 🙏